चोवीस तारखेचा टाका

४ मार्च, बुधवार

खारुताईस,

तर पहिली आली ती तुझी काकू, आणि तीही चपला हातात घेऊन, कारण आमच्या जिन्यावर रविवारीच कुणीतरी तेलरंगाचा डबा सांडला होता. मागून तुझा काका, धापा टाकत. दोघांना स्टुलं दिली, चहा टाकला, आणि तो उकळतोय न उकळतोय तोच तिसरा पाहुणा हजर, कोर्टातला कारकून. हातावर त्याचा राखाडी कोट आडवा, जणू कोटाला घेरी आलीय. मी म्हटलं, या, चहा घ्या. तो म्हणाला, "चहा राहू दे आजी, आधी हे बघा," आणि कोटाचं कोपर खिडकीच्या उन्हात धरलं.

काय सांगू तुला. मी रफू केलेली जागा चिखल उडाल्यासारखी तांबूस दिसत होती. चाळीस वर्षं मी लोकांची भोकं बुजवतेय, आणि ज्याचं भोक त्याला स्वतःलाही नंतर सापडत नाही असा आपला लौकिक. रफू दिसला की त्याला रफू म्हणत नाहीत, ठिगळ म्हणतात. हा परत आलेला तिसरा कोट. आधीचे दोन मी गुपचूप उसवून पुन्हा केले होते, कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. पण कारकून म्हणाला, "हा काही पहिला नाही म्हणे," आणि काकाचे कान टवकारले.

काकाने चहा संपवला, कप बाजूला सारला नि म्हणाला, "आई, आता पुरे. डोळे थकले तुझे. महिनाअखेरीला दुकानाची किल्ली मालकाला देऊ, तू आमच्याकडे राहायला ये." काकू म्हणाली, "तुमच्यासाठी खोली काढून ठेवलीय, आई." मनाने चांगली आहे ती. पण ती खोली मी पाहिलीय. खिडकी उघडली की शेजारच्यांची भिंत. तिथे बसून मी काय करू, भिंतीला रफू?

तुला माहीतच आहे, मी दोरा जुळवते तो सूर्य बुडाल्यावर, दिवे लागायच्या आधी. सासूबाईंची शिकवण. उन्हात लोकर चमकते, दिव्याखाली खोटं बोलते, त्या पाव तासात मात्र आपला खरा रंग दाखवते. आणि हल्ली नेमकं त्याच वेळी आभाळ असं काही दिसतं की बस. सूर्य गेला की सगळं विझायला लागतं, आणि मग मागून कुणीतरी जांभळा दिवा लावल्यासारखं पुन्हा उजळतं. रोज नाही, अधूनमधून. त्या दिवशी मी सुई हातात धरून नुसती बघत बसते, पोरीसारखी. शेजारचा घड्याळवाला म्हणतो, पेपरात आलंय, जानेवारीत पृथ्वीच्या पार त्या टोकाला एक डोंगर फुटला आणि त्याचा धूर आभाळाच्या माळ्यावर जाऊन बसलाय.

मी काकाला म्हटलं, त्या धुराचा रंग माझ्या दोऱ्यांवर पडत असेल. काका हसला. मग म्हणाला, "तुझी नात तेच तर मोजते. विचार तिला. ती म्हणाली की धूर आपल्याकडे आलाय, तर मी किल्लीचं नाव काढणार नाही. नाहीतर तू मुकाट्याने सामान बांधायचं." मी म्हटलं, ठरलं.

तर सांग बाई, आलाय ना तो धूर? फोन करू नकोस. फोनवर मला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं मी मनाने भरते. पत्र लिही. दुसरीत शाळा सुटलेल्या आजीला जोडाक्षरं तूच शिकवलीस, आता ती वापरायला नकोत?

तुझी आजी


१० मार्च

प्रिय आजी,

कोटाला घेरी आली, हे मी आमच्या मोठ्या बाईंना वाचून दाखवलं. त्या आमच्या केंद्राच्या प्रमुख, सहसा हसत नाहीत. हसल्या.

आता धुराचं. तसा तो धूर नव्हेच. डोंगर फुटला तेव्हा वर गेलेली बहुतेक राख थोड्या दिवसांत खाली बसली. गंधकाचा वायू मात्र वीस-पंचवीस किलोमीटर वर जाऊन राहिला. त्या थराला आम्ही स्थितांबर म्हणतो. तिथे पाऊस नाही, म्हणजे धुऊन काढणारं कुणी नाही. त्या वायूचे हळूहळू आम्लाचे थेंब होतात, इतके बारीक की एकेकटा डोळ्याला दिसायचा नाही, आणि वारा त्यांना पृथ्वीभोवती ओढत नेतो. दोन-तीन आठवड्यांत एक फेरी होते. पण पूर्व-पश्चिम ते जितक्या झपाट्याने जातात, तितके उत्तर-दक्षिण पसरत नाहीत, त्याला महिने लागतात. नकाशाप्रमाणे हा ढग विषुववृत्ताच्या पलीकडेच आहे.

आणि मी नुसत्या नकाशावर विसंबत नाही. रोज अंधार पडला की हिरवा लेझर सरळ वर सोडते. वर थेंब असले तर त्यांच्यावरून थोडा उजेड परत येतो, आणि तो किती वेळाने आला त्यावरून उंची कळते. आजवर वर काही नाही. परतीचा उजेड मोजणारी आमची नळी तेवढी म्हातारी झालीय. तिला कधीकधी एकवीस किलोमीटरवर उगाच काहीतरी दिसतं. आकडे मांडून काढलेल्या रेघेला उंचवटा येतो, दोन दिवसांनी नसतो. गेल्या वर्षीही तिने हाच चाळा केला होता. अशा रात्री मी तो उंचवटा पुसते, रेघ सरळ करते आणि मग आकडे पुढे पाठवते.

संध्याकाळी रंग धुळीनेही येतात, दमट हवेनेही येतात. आजी, हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण तू सरळ विचारलंस. ढग आपल्याकडे आलेला नाही. एकदा डोळे दाखवून घे. काकाचं सगळंच चुकतं असं नाही.

तुझी खारुताई


१५ मार्च, रविवार

खारुताईस,

पत्र मिळालं. काकाने मोठ्याने वाचलं, शेवटचा परिच्छेद दोनदा. मग घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं, पावती ठेवतात तसं. मालकाला एकतीस तारीख सांगून झाली. काकूने दोन खोके आणून दिले, त्यावर मोठ्या अक्षरात "बटणं" नि "रिळं" लिहून. तिचं अक्षर छान आहे, तुझ्यापेक्षा बरं.

तुझ्यावर माझा राग नाही. खरं बोलायला तुला मीच शिकवलं, आता तक्रार कुणाकडे करू? आणि तुझं काम वाचून मला इतकं हसू आलं, इतका आनंद झाला म्हणून सांगू. आभाळात उजेड फेकायचा आणि परत येईपर्यंत थांबायचं. गिऱ्हाइकाला उधार दिल्यासारखंच की. घड्याळवाल्याला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, "आजी, तुमची नात वरच्या मजल्यावर रफूचं भोक शोधतेय."

तर सामान बांधताना माझी पट्टी निघाली. तू लहानपणी तिच्यावर नाक पुसायचीस ती नव्हे, ती भरली, ही नवी. मला वही लिहायला जमत नाही, म्हणून प्रत्येक कामाचा एक टाका मी मांजरपाटाच्या लांब पट्टीवर घालून ठेवते. डावीकडे गिऱ्हाइकाच्या कापडाचा धागा, उजवीकडे मी जुळवलेला दोरा, खाली तारीख. तेच गिऱ्हाईक पुन्हा आलं की रीळ शोधायला सोपं. शुक्रवारी दुपारी बाराच्या उन्हात पट्टी पसरून बसले, घड्याळवाल्याला म्हटलं, तुझं ते डोळ्यावरचं भिंग घेऊन ये, माझे डोळे बडतर्फ झालेत. त्याने एकेक जोडी बघितली. दहा फेब्रुवारीपर्यंत सगळं बेमालूम. मग अकरा, बारा, तेरा चूक. चौदापासून एकोणीसपर्यंत बरोबर. वीस, एकवीस चूक. चोवीस चूक. सत्तावीस, कारकुनाचा राखाडी, तो तर चूकच.

आता तूच सांग, डोळे जायचे ते असे पाहुण्यासारखे येऊन-जाऊन जातात का? चार दिवस राहिले, परत गेले, पुन्हा आले. वाचताना मला तुझ्या त्या म्हाताऱ्या नळीची दया आली. तिलाही आज दिसतं नि उद्या नाही. तिला कुठकुठल्या तारखांना दिसतं ते लिही बघू. दोघींचा रोग एकच निघाला तर एकाच डॉक्टरकडे जाऊ, गाडीभाडं वाचेल.

तुझी आजी


२२ मार्च

आजी,

तुझं पत्र उभ्यानेच वाचलं. मग मी पुसलेल्या रात्रींची यादी काढली. फेब्रुवारीपासून अकरा रात्री आहेत. तुझ्या चुकलेल्या सात तारखांपैकी सहा त्या यादीत आहेत. आणि चौदा ते एकोणीस, जेव्हा तुझे टाके बरोबर होते, तेव्हा माझी रेघही सपाट होती.

नळी ठीक होती, आजी. ढग आला होता.

नवा ढग एकसंध येत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं. माहीत होतंच. त्याच्या चिंध्या पुढे येतात, एक आपल्यावरून जाते, मागे मोकळं आभाळ, मग दुसरी. मी येतंय-जातंय म्हणून त्याला दोष समजले, आणि नकाशा माझ्या बाजूने होता. आमचे आकडे बघून आमच्याच अक्षांशावरच्या इतर केंद्रांनीही आभाळ स्वच्छ धरलं. आणि तुझ्या पत्राच्या उत्तरात मी "आजवर वर काही नाही" असं लिहिलं, त्यावर काकाने मालकाला तारीख दिली.

सूर्य बुडतो तेव्हा मी खाली बंद खोलीत यंत्र तापवत असते. दोन महिन्यांत एकदाही गच्चीवर गेले नव्हते. काल गेले. तू लिहिलंस तसंच आहे, मागून दिवा लावल्यासारखं. अंधार पडेपर्यंत तिथेच बघत बसले.

मोठ्या बाईंना सांगितलं. ओरडल्या नाहीत. अकरा रात्रींची यादी मागून घेतली. आता दुरुस्तीपत्रक जाईल, माझ्या नावाने. काकाला मी वेगळं पत्र लिहिलंय, सगळं कबूल करून. त्याच्या शब्दाप्रमाणे त्याने किल्लीचं नाव काढू नये.

तुझी चोवीस तारीख मात्र कुठेच बसत नाही. त्या रात्री माझी रेघ सपाट आहे, मी काही पुसलेलंही नाही. तू काही सांगू शकशील?

खारुताई


२८ मार्च, शनिवार

खारुताईस,

अगं काय तुझं पत्र, काय तुझा काका. तीनदा वाचलं त्याने. पहिल्यांदा उभ्याने, दुसऱ्यांदा बसून, तिसऱ्यांदा काकूला देऊन, "तू वाच, मला काही कळलं नसेल." मग गेला मालकाकडे, तारीख मागे घेऊन आला. मालक त्याला म्हणाला, "तुमच्या घरात निर्णय आभाळ बघून घेतात वाटतं." मला तर नाचावंसं वाटत होतं, पण गुडघे ऐकेनात. काकूचे खोके मी परत दिले नाहीत, बटणांना ते बरे पडतात.

कारकुनाचा कोट दुपारच्या उन्हात दोरा लावून पुन्हा केला. त्याने कोपर उलटसुलट बघितलं, म्हणाला, "आजी, भोक नेमकं कुठे होतं?" मी म्हटलं, तुम्हीच सांगा.

तू अशी मान खाली घालून लिहू नकोस. चुकलं ते उसवायचं आणि पुन्हा घालायचं, आमच्या धंद्यात दुसरं काही नाही. कापड फाडलं नाहीस ना, मग झालं. चोवीस तारखेचं म्हणशील तर असेल बाई काहीतरी. आभाळ केवढं मोठं, एखादी चिंधी तुझ्या किरणाला चुकवून गेली असेल. त्या जिन्यावरच्या रंगाचं सांगायचं राहिलं. वाळला, पण निळी पावलं उमटलीत थेट घड्याळवाल्याच्या दारापर्यंत, आणि तो म्हणतो मी नव्हेच. त्याच्या चपला बघायला मागितल्या तर दार लावून घेतलं.

जेवत जा वेळेवर.

तुझी आजी


१ एप्रिल

आजी,

तुझं हसरं पत्र आलं आणि आठवडाभराने पोटभर जेवले.

काम चालू आहे. आता माझे आकडे पाठवण्याआधी दुसरं कुणीतरी बघतं. ते बरोबरच आहे.

मोठ्या बाई चोवीस तारखेवर अडल्यात. आमच्या केंद्रावर चिंधी नसताना तुझ्या गावावर होती, असं असेल तर ती दुसऱ्याच वाटेने आली, आणि मग ढग कसा पसरला याचा अख्खा नकाशा बदलतो. त्यांनी तीन केंद्रांना लिहिलंय, ती तिन्ही जुने आकडे पुन्हा चाळतायत. तुझ्या पट्टीवरच्या तारखांच्या कागदावर "फक्त सूर्यास्तानंतर जुळवलेले" असं मी वर लिहून दिलंय, कारण तू कायम तसंच करतेस. शनिवारी बाई स्वतः पट्टी बघायला येणार आहेत. काकालाही यायचंय म्हणे.

मी अकरा रात्री हाताने पुसल्यात. आता एकही दिवस माझ्यामुळे हरवायला नको. तेवढी ती संध्याकाळ आठवून ठेव.

खारुताई


५ एप्रिल, रविवार

खारुताईस,

हे पत्र दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहितेय.

तुझ्या मोठ्या बाई काल चार वाजता आल्या. मला वाटलं उंच असतील, तर माझ्याएवढ्याच निघाल्या. काका-काकू आधीच येऊन बसले होते, काकाने इस्त्रीचा शर्ट घातलेला. बाईंनी पट्टी टेबलावर पसरली, हाताला पातळ मोजे चढवले, आणि प्रत्येक टाक्यापाशी थांबल्या. लोकांच्या कपड्यांचं कुणी इतकं कौतुक केलेलं मी बघितलं नाही. म्हणाल्या, "आजी, आमच्याकडे यंत्रं आहेत, पण फेब्रुवारीतली संध्याकाळ अशी धाग्यात धरून ठेवलेली कुणाकडे नाही." काकाने माझ्याकडे असं बघितलं जसं तो शाळेत असताना मी त्याच्या बक्षिसाकडे बघायची.

मग बाईंनी कागद काढला. तुझ्या अक्षरातला. वर तू लिहिलेलं, "फक्त सूर्यास्तानंतर जुळवलेले," खाली तारखा, आणि चोवीससमोर शिसपेन्सिलीने रिकामी चौकट. विचारलं, "त्या संध्याकाळी आभाळ कसं होतं, आठवतं?"

जांभळं. एवढाच शब्द होता, खारे. अगदी ओठांवर आला होता. समोर काका बसलेला, किल्ली खुंटीला. जांभळं म्हटलं असतं तर बाईंनी चौकट भरली असती, चहा झाला असता, सगळे घरी गेले असते. आणि तिकडे तीन गावची शहाणी माणसं माझ्या एका शब्दापायी आभाळाची वाट शोधत बसली असती, तुझ्या अक्षराखाली.

मी म्हटलं, "बाई, तो टाका संध्याकाळचा नाही. भर दुपारचा आहे."

तो बँडवाल्याचा कोट, गडद निळा. त्याला चार वाजता वाजवायला जायचं होतं, थांबायला वेळ नव्हता. बाराच्या उन्हात, दारात उभं राहून मी दोरा लावला. आभाळ पांढरं स्वच्छ होतं. आणि निळ्याला मी काळा लावला. निळा-काळा मला वेगळे दिसलेच नाहीत. बँडवाल्याने परत आणला तेव्हा कळलं. तुझ्या पत्रातल्या ढगाने बाकीच्या सगळ्या टाक्यांना वाचवलं, तर मी यालाही त्यांच्यात हळूच बसवून दिलं. उजवा डोळा झाकला की डाव्याने सगळं चहाच्या पाण्यातून बघितल्यासारखं दिसतं. हे तुझ्या डोंगराच्या आधीपासूनचं आहे, सहा महिने झाले. कुणाला बोलले नाही. तू एक उंचवटा पुसलास, मी एक खड्डा झाकला. आपण दोघी सारख्याच, पण तू कबूल केलंस नि मी "आभाळ मोठं आहे" लिहून तुला फसवलं. त्याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतंय.

बाईंनी चोवीसवर रेघ मारली, बाजूला "दुपार" लिहिलं. म्हणाल्या, "आता नकाशा जुळतो." बाकीचे सहा टाके पक्के धरलेत त्यांनी, ते तुला सांगायला सांगितलंय. काकू म्हणाली, "सहा महिने, आई? रोज जिना उतरत होतात तुम्ही." काका खिशात हात घालून तुझी दोन्ही पत्रं चाचपत बसला, कुठलं खरं धरावं असा.

बाई म्हणाल्या, थांबू या, सूर्य बुडेल आता. मग आम्ही चौघं त्या एवढ्याशा खिडकीत उभे राहिलो, मी नि बाई पुढे, काका-काकू मागे. आधी सगळं विझलं. मग तो जांभळा चढायला लागला, छपरांवर, पाण्याच्या टाक्यांवर, काकाच्या इस्त्रीच्या शर्टावर. काकूने विचारलं, हे किती दिवस चालणार. बाई म्हणाल्या, "वर्ष, दीड वर्ष. खाली उतरायला त्याला घाई नसते. आता चिंध्या राहिल्या नाहीत, आपल्यावर सगळीकडे पातळ पसरलाय." काका हळूच म्हणाला, "आणि मला वाटलं ही वेळ काढतेय." कोणाला म्हणाला कोण जाणे. मी मागे वळून बघितलं नाही. उजव्या डोळ्याने तो रंग कसा दिसतो नि डाव्याने कसा, ते मी आळीपाळीने झाकून बघत होते. डाव्याने नुसता तपकिरी दिसतो गं. एवढा सोहळा आणि तपकिरी.

बाई गेल्यावर काकाने खुंटीवरची किल्ली काढली. हातात धरून उभा राहिला, परत टांगली. म्हणाला, "आधी डोळ्यांचा डॉक्टर. किल्लीचं त्याच्यानंतर बोलू." म्हणजे काढूही शकतो नाव. मी त्याला शब्दाची आठवण करून दिली नाही, कारण माझाच शब्द पूर्ण नव्हता. मला सुईची भीती नाही, जन्म गेला सुईत. डॉक्टर म्हणाला की उशीर झाला, तर मग ती भिंतीकडची खोली आहे, एवढंच.

तू मला रागव हवं तर, पण पत्रात रागव. आणि कागदावरचं ते "फक्त" खोड.

घड्याळवाल्याचा मफलर नि एका बाईचा स्वेटर हातात आहे, दोन्ही दुपारीच करतेय. दोरा लावला की त्याला हाक मारून दाखवते, मगच सुई ओवते. तेवढं आधी हातावेगळं करायला हवं. काका-काकू गुरुवारी, नऊ तारखेला, सकाळी दहाला डॉक्टरकडे न्यायला येतो म्हणालेत.

तुझी आजी